नॉर्स पुराणकथांकडून आजच्या फँटसीने नेमके काय घेतले?

अक्षरयात्री (धागाकर्ता)

नमस्कार. फँटसी कादंबऱ्या आणि व्हिडिओ गेम या दोन्हींची आवड असणाऱ्याला नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या, पुराणांतली पात्रे टाळू म्हटले तरी टाळता येत नाहीत. ‘गॉड ऑफ वॉर’चे २०१८ आणि २०२२ साली आलेले भाग थेट ओडिन, थॉर आणि लोकी यांच्याच जगात घडतात. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये देवांची नावे निराळी असली, तरी थडग्यांतून उठणारी प्रेते, वीरांना मरणानंतर मिळणारा दरबार आणि जग गिळायला निघालेला ड्रॅगन हे सारे कुठून आले ते लगेच ओळखू येते. २०२१ चा ‘व्हॅलहाइम’ तर, ओडिनने आपल्या शत्रूंना जिथे हद्दपार केले त्या, पुराणातल्या नऊ जगांपलीकडच्या, दहाव्या जगातच खेळाडूला नेऊन सोडतो.

हे सगळे खेळून झाल्यावर मी मूळ कथा वाचायला घेतल्या, आणि वाचताना एक विसंगती सतत जाणवत राहिली. तपशील ओळखीचे आहेत. हातोडा तोच, लांडगा तोच, जगाला विळखा घालून बसलेला सापही तोच. पण मूळ कथांचा स्वर खेळांपेक्षा फार वेगळा आहे. तिथे देवांना आपला शेवट आधीपासून ठाऊक असतो. ओडिनला फेनरिर लांडगा गिळणार आहे, थॉर त्या महासर्पाला मारील पण त्याच्या विषाने नऊ पावलांवर कोसळेल, लोकी आणि हाइमडाल एकमेकांच्या हातून मरतील, हे सारे सांगून ठेवलेले आहे. तरीही देव त्या युद्धाची तयारी सोडत नाहीत. खेळाची गोष्ट नेमकी उलटी असते, कारण खेळाडूने जिंकावे यासाठीच तो रचलेला असतो.

म्हणून जाणकारांना दोन प्रश्न विचारतो. आजच्या फँटसीने या पुराणांतून फक्त नावे, शस्त्रे आणि राक्षस उचलले, की जगाकडे पाहण्याची ती दृष्टीही कुठे उतरली आहे? आणि मूळ पोथ्यांपासून खेळांपर्यंतचा हा प्रवास कोणाकोणाच्या हातून झाला? कथानक उघड होण्याची चिंता करू नये. ज्यांना हे खेळ अजून खेळायचे आहेत त्यांनी मात्र पुढचे प्रतिसाद जपून वाचावेत.

---

पोथीशोधक

प्रश्न चांगला आहे, पण उत्तराआधी ‘मूळ’ म्हणजे काय हे स्पष्ट केले पाहिजे. देवांच्या आणि वीरांच्या ज्या कवितांना आपण ‘काव्य एडा’ म्हणतो, त्यांतल्या बहुतेक केवळ एका लहानशा हस्तलिखितामुळे टिकल्या. ते साधारण १२७० च्या सुमारास आइसलँडमध्ये लिहिले गेले आणि त्याची ४५ पाने आज शिल्लक आहेत. १६४३ साली ते बिशप ब्रिन्योल्फुर स्वेन्सन यांच्या हाती आले, १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाला भेट म्हणून गेले आणि १९७१ मध्ये आइसलँडला परत मिळाले. दुसरा आधार म्हणजे स्नोरी स्टुर्लुसनची ‘गद्य एडा’. ती १२२० च्या सुमारास रचली गेली, म्हणजे आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारून दोन शतके उलटल्यावर. स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता, मुरलेला राजकारणी होता, आणि तरुण कवींना जुन्या प्रतिमांचे अर्थ कळावेत म्हणून त्याने हे पुस्तक लिहिले. ज्या देवांना त्याच्या काळी कोणी पूजत नव्हते, त्यांच्या विस्कळीत कथांना त्याने क्रम आणि कारणे पुरवली. पुनर्कथनाची ही परंपरा म्हणजे खेळांच्या लेखकांनी काढलेले खूळ नव्हे. आपल्यापर्यंत पोहोचलेले पुराणच मुळात पुनर्कथन आहे.

आता टॉल्किनविषयी. १९३७ च्या ‘द हॉबिट’मधली ड्वार्फांची नावे ‘व्होल्युस्पा’ या कवितेतल्या एका लांबलचक यादीतून घेतलेली आहेत हे बहुतेकांना माहीत असते. थोरिन, फिली, किली, बोंबुर हे सगळे त्या यादीत आहेत, आणि गँडाल्फही तिथेच आहे. पहिल्या मसुद्यांत गँडाल्फ हे नाव जादूगाराचे नव्हते, ड्वार्फांच्या म्होरक्याचे होते. मला मात्र नावांपेक्षा प्रसंगांची बांधणी अधिक महत्त्वाची वाटते, कारण टॉल्किनने खरे घेतले ते तिथे.

एकच प्रसंग जवळून पाहू. ‘वाफ्थ्रुद्निस्माल’ या कवितेत ओडिन वेश पालटून एका अतिशय ज्ञानी योटुनाकडे, म्हणजे देवांच्या वैरी कुळातल्या एकाकडे, जातो आणि दोघे आपापले शिर पणाला लावून प्रश्नोत्तरांची स्पर्धा खेळतात. जग कशापासून झाले, सूर्य-चंद्र कुठून आले, शेवटच्या युद्धानंतर कोण उरेल, अशा प्रश्नांना योटुन अचूक उत्तरे देतो. तेव्हा ओडिन शेवटचा प्रश्न विचारतो: आपला मृत मुलगा बाल्डर याला चितेवर ठेवण्याआधी ओडिन त्याच्या कानात काय बोलला? याचे उत्तर विचारणाऱ्याखेरीज कोणालाच ठाऊक असणे शक्य नाही. समोर कोण बसला आहे हे योटुनाला त्या क्षणी उमगते आणि तो हार मानतो. आता ‘द हॉबिट’मध्ये गुहेतल्या अंधारात चाललेला बिल्बो आणि गॉलम यांचा कोड्यांचा सामना आठवा. तोही जीव पणाला लावून खेळलेला आहे, त्याचेही जुने नियम दोघांनी मानलेले आहेत, आणि त्याचाही निकाल लागतो तो ‘माझ्या खिशात काय आहे’ या, केवळ विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक असलेल्या प्रश्नाने. ट्रोलांना पहाटेपर्यंत भांडत ठेवून दगड करण्याची युक्तीही अशीच जुनी आहे. ‘आल्विस्माल’मध्ये थॉर आपल्या मुलीला मागणी घालायला आलेल्या ड्वार्फाला सूर्य उगवेपर्यंत प्रश्नांत गुंतवून ठेवतो.

दृष्टीबद्दल विचाराल तर टॉल्किनने ती जाणीवपूर्वक घेतली. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यावरील १९३६ च्या व्याख्यानात त्याने उत्तरेकडच्या या धैर्याबद्दल आदराने लिहिले आहे: देव ज्या बाजूला आहेत ती हरणार आहे, आणि तरीही तीच योग्य बाजू आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये विजय मिळतो खरा, पण एल्फांचा काळ संपतो आणि फ्रोडोला घरी परतूनही घर लाभत नाही. हा विषाद तिथूनच आलेला आहे असे माझे मत आहे.

जाता जाता एक. शिंगांच्या शिरस्त्राणाचा या पुराणांशी किंवा व्हायकिंगांशी संबंध नाही. ती प्रतिमा रूढ झाली १८७६ साली बायरॉइटमध्ये जर्मन संगीतकार वाग्नरच्या संगीतिका-चतुष्टयाच्या पहिल्या संपूर्ण प्रयोगासाठी कार्ल एमिल डॉप्लर यांनी केलेल्या वेशभूषेमुळे. नॉर्वेत येर्मुंडबू येथे १९४३ मध्ये सापडलेल्या व्हायकिंग काळातल्या शिरस्त्राणाला शिंगे नाहीत. ‘स्कायरिम’च्या नायकाच्या डोक्यावर मात्र ती अजूनही आहेत.

---

फासेवाला

पोथीशोधक यांच्या प्रतिसादात टॉल्किन आणि आजचे खेळ यांच्यामधला एक महत्त्वाचा दुवा राहिला, तो म्हणजे १९७४ साली आलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागदावर आणि फाशांवर खेळायचा खेळ. पुराणकथेचे आकड्यांत रूपांतर इथे झाले. खेळाच्या १९७९ च्या मार्गदर्शक पुस्तकात त्याचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी आपल्यावर प्रभाव टाकणाऱ्या लेखकांची यादी दिली आहे. तीत टॉल्किन आहेच, पण पोल अँडरसनही ठळकपणे आहे. या खेळातला ट्रोल तोडला तरी पुन्हा सांधतो आणि त्याला आगीने किंवा आम्लाने संपवावे लागते. हा गुण नॉर्स कथांतला नसून अँडरसनच्या १९६१ च्या कादंबरीतला आहे. आज शेकडो खेळांतले ट्रोल असेच वागतात आणि आपण त्याला प्राचीन समजतो. हिमराक्षस आणि अग्निराक्षस यांची मुळे मात्र खरोखर एडांमध्ये आहेत. गायगॅक्स यांनी त्यांच्या जाती पाडल्या, प्रत्येक जातीला ताकदीचा आकडा दिला, आणि १९७८ च्या साहसकथांत त्यांच्या सरदारांचे वाडेही उभे केले.

या व्यवस्थित मांडणीने कथांचे एक नुकसान झाले असे मला मनापासून वाटते. एडांमध्ये नऊ जगांचा उल्लेख येतो, पण ती नऊ कोणती याची यादी कुठेही दिलेली नाही. स्नोरीने काळे एल्फ म्हणून ज्यांचे वर्णन केले आहे ते आणि ड्वार्फ एकच की वेगळे, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. ड्वार्फ बुटके असतात असेही या कवितांत स्पष्ट म्हटलेले नाही. योटुन म्हणजे दरवेळी अवाढव्य आणि कुरूप राक्षस असेही नसते. स्काडी आणि गेर्ड या योटुनकन्यांशी देवांनी लग्ने केली आहेत, आणि ओडिनची आईसुद्धा योटुनकुळातली आहे. खेळाला मात्र नकाशा लागतो, प्रत्येक जगाचा वेगळा रंग लागतो, आणि शत्रू लांबूनच ओळखू यावा लागतो. त्यामुळे मूळ कथांत जे धूसर आणि परस्परांत मिसळलेले होते, ते खेळांत कप्पे पाडून ठेवले गेले. देव आणि योटुन यांचे रक्त एकच आहे, आणि म्हणूनच त्यांच्यातले वैर इतके कडवट आहे, ही गोष्ट त्या कप्प्यांत हरवते.

चिन्हांच्या बाबतीतही असाच गोंधळ आहे. ‘वेग्व्हिसिर’ नावाचे जे आठ फांद्यांचे होकायंत्रासारखे चिन्ह हल्ली व्हायकिंग म्हणून सर्रास वापरले जाते, ते १८६० मध्ये संकलित झालेल्या एका आइसलँडी हस्तलिखितातून आलेले आहे. खेळांत दारांवर आणि शस्त्रांवर बहुधा चोवीस अक्षरांची जुनी रून लिपी कोरलेली दिसते. व्हायकिंग काळात प्रत्यक्षात सोळा अक्षरांची लिपी चालत होती.

---

मृगनक्षत्र

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण फासेवाला यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. खेळांनी पुराणाचे केवळ कप्पे केले असे म्हणणे ‘गॉड ऑफ वॉर’च्या २०१८ च्या भागावर अन्याय करणारे आहे. त्यातली बाल्डरची कथा पाहा.

स्नोरीच्या कथनात बाल्डरला मृत्यूची स्वप्ने पडतात म्हणून त्याची आई फ्रिग आग, पाणी, लोखंड, दगड, झाडे, रोग, प्राणी या सर्वांकडून त्याला इजा न करण्याची शपथ घेते. फक्त मिसलटोचे रोपटे तिला फारच कोवळे वाटते, म्हणून ती त्याला वगळते. देवांना मग एक करमणूक सापडते. बाल्डरला मध्ये उभे करून ते त्याच्यावर शस्त्रे फेकतात आणि त्याला काहीच होत नाही याचा आनंद घेतात. लोकी ते रोपटे आंधळ्या होडच्या हातात देतो, नेमही धरून देतो, आणि बाल्डर कोसळतो. या कथेत बाल्डरला स्वतःला काय वाटते याविषयी जवळजवळ काहीच नाही.

खेळाच्या लेखकांनी नेमकी ती रिकामी जागा हेरली. त्यांच्या बाल्डरला कोणतीही इजा होत नाही, कारण त्याला कसलीच संवेदना उरलेली नाही. वेदना नाही, चव नाही, स्पर्शाची ऊब नाही. ज्या आईने प्रेमापोटी हे केले तिचाच तो सर्वांत अधिक द्वेष करतो. इथे आई म्हणून फ्रेया आहे, म्हणजे फ्रेया आणि फ्रिग यांना लेखकांनी एक केले आहे. ही आई मिसलटोचे बाण दिसताच जाळून टाकते. पण त्यांतल्या एका बाणाचे टोक खेळाचा नायक क्रेटॉस याने आपल्या मुलाच्या भात्याचा तुटलेला पट्टा अडकवायला आधीच वापरलेले असते. पुढे बाल्डर त्या मुलावर ठोसा मारतो, ते टोक त्याच्या हातात रुतते आणि मंत्र तुटतो. पुराणात एका क्षुल्लक रोपट्याकडे झालेले दुर्लक्ष देवाचा जीव घेते. इथे तेच काम भात्याचा एक दुरुस्त केलेला पट्टा करतो. हे केवळ नाव उचलणे नाही, कथेचा गाभा समजून घेऊन केलेले लेखन आहे.

धागाकर्त्यांच्या मूळ शंकेला मात्र या मालिकेचा दुसरा भाग दुजोरा देतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०२२ च्या भागात क्रेटॉस आणि फ्रेया नोर्नांना भेटतात. पुराणात त्या विश्ववृक्षाच्या मुळाशी राहून सर्वांचे दैव ठरवतात. खेळातल्या नोर्ना मात्र सांगतात की दैव असे काही नसतेच. माणसे आपला स्वभाव बदलत नाहीत, म्हणून त्यांची पुढची पावले आधीच सांगता येतात. विचार म्हणून हे मला आवडले, पण त्यामुळे अटळता संपते आणि नायकाला सुटकेची वाट मिळते. पुराणातल्या ओडिनला ती वाट नाही.

---

अक्षरयात्री (धागाकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार. मृगनक्षत्र, तुमच्या शेवटच्या परिच्छेदावरून पुढचा प्रश्न सुचतो. खेळाडूला सुटकेची वाट न देणारा, पराभव निश्चित असूनही लढायला लावणारा एखादा खेळ आहे का? की खेळ या माध्यमात ते शक्यच नाही?

---

हिमरेषा

शक्य आहे, आणि माझ्या मते ते निदान एकदा उत्तम साधले आहे. २०१७ चा ‘हेलब्लेड : सेनुआज सॅक्रिफाइस’ हा निंजा थिअरीचा खेळ पाहा. सेनुआ ही प्राचीन स्कॉटलंडमधल्या पिक्ट जमातीतली योद्धी आहे. आपल्या मारल्या गेलेल्या प्रियकराचा आत्मा सोडवण्यासाठी ती हेलच्या, म्हणजे मृतांच्या, राज्यात उतरते. तिला भास होतात, कानांत सतत आवाज येतात, आणि ती जे पाहते त्यातले खरे किती हे आपल्यालाही कळत नाही. शेवटच्या लढाईत शत्रू येतच राहतात. एक टोळी संपली की दुसरी येते, आणि कितीही कौशल्य असले तरी तो ओघ थांबत नाही. कथा पुढे सरकते ती सेनुआ पडल्यावरच. तोपर्यंतच्या प्रत्येक लढाईत न पडणे हेच खेळाडूचे ध्येय राहिलेले असते, त्यामुळे हात थांबवण्याचा तो क्षण फार कठीण जातो. रॅग्नारोकच्या, म्हणजे देवांच्या त्या शेवटच्या युद्धाच्या, कथेच्या इतका जवळ गेलेला दुसरा खेळ मी पाहिलेला नाही.

वाल्हालाचे, म्हणजे मेलेल्या वीरांना मिळणाऱ्या ओडिनच्या दरबाराचे, उदाहरणही पाहा. तिथले वीर रोज एकमेकांशी लढतात, पडतात, पुन्हा उठतात आणि संध्याकाळी एकत्र मेजवानीला बसतात. मरून पुन्हा जिवंत होणाऱ्या खेळाडूला हे वर्णन आपलेच वाटावे इतके ते खेळांच्या रचनेशी जुळते, आणि अनेक खेळांनी ते तसेच उचलले आहे. पण हा सराव कशासाठी चालतो ते सोडून दिले जाते. तो ज्या एका लढाईसाठी आहे, ती हरणार आहे, आणि त्या लढाईनंतर पुन्हा उठणे नाही.

माध्यमाची अडचण खरी कुठे आहे, हे मला ‘ग्रेटिर सागा’ ही जुनी आइसलँडी गद्य वीरकथा वाचताना समजले. ‘स्कायरिम’मधल्या ड्राउगरांचे, म्हणजे थडग्यात न निजणाऱ्या प्रेतांचे, मूळ अशाच आइसलँडी सागांत आहे. या सागेत ग्रेटिर तरुणपणी कार नावाच्या माणसाच्या थडग्यात उतरतो, अंधारात त्याच्याशी झुंजतो, त्याचे शिर उडवतो आणि आतला खजिना वर काढतो. हा प्रसंग कोणत्याही खेळात जसाच्या तसा बसेल. पण पुढे ग्लामर येतो. हा मेलेला मेंढपाळ रात्री घरांच्या छपरांवर चढून बसत असे, आणि त्याने सारे खोरे ओसाड केलेले असते. ग्रेटिर अंगावर जाड पांघरूण घेऊन त्या घरात पडून राहतो. ग्लामर आत येऊन ते पांघरूण ओढू लागतो, दोघे झोंबतात, बाके मोडतात, आणि शेवटी दार फोडून दोघे बाहेर कोसळतात. ग्लामर खाली, ग्रेटिर वर. तेवढ्यात ढग सरकतात, चांदणे पडते आणि ग्लामर डोळे वर करून पाहतो. आयुष्यात आपण भ्यालो ते फक्त त्या दृश्याला, असे ग्रेटिर नंतर सांगत असे.

मारला जाण्याआधी ग्लामर शाप देतो. आज तुझ्यात आहे त्यापेक्षा अधिक बळ तुला कधीही येणार नाही. तू परागंदा होशील. आणि हे माझे डोळे तुला कायम दिसत राहतील, त्यामुळे एकटे राहणे तुला असह्य होईल. ग्रेटिर त्याचे शिर उडवतो, म्हणजे लढाई जिंकतो, पण त्या दिवसापासून त्याला अंधाराची भीती वाटू लागते आणि उरलेले आयुष्य तो परागंदा म्हणून काढतो. खेळाच्या रचनेत सर्वांत मोठा राक्षस मारला की लेव्हल वाढते, नवे शस्त्र मिळते, बळ वाढते. सागेत सर्वांत मोठा राक्षस मारल्यावर नायकाची वाढ कायमची थांबते. ‘स्कायरिम’ने ड्राउगर घेतला, थडगे घेतले, खजिनाही घेतला, ग्लामरचा शाप घेतला नाही, कारण तो घेतला असता तर खेळाचा पायाच बदलावा लागला असता. एखाद्या खेळकर्त्याने हे धाडस करावे अशी माझी फार इच्छा आहे: विजयानंतर आकडे वाढणे थांबावे, आणि त्यापुढचा सारा खेळ तेवढ्याच बळावर, रात्रीची भीती सोबत घेऊन खेळावा लागावा.

---

फासेवाला

मृगनक्षत्र यांचा बाल्डरविषयीचा मुद्दा मला पटला. ते उदाहरण माझ्या विधानात बसत नाही. हिमरेषा यांनी सुचवलेला ग्लामरचा नियम कागदावर आणि फाशांवर खेळल्या जाणाऱ्या खेळात आणणे मात्र फारसे अवघड नाही. तिथे निवेदक आणि खेळाडू समोरासमोर असतात. एका विशिष्ट शत्रूला मारणाऱ्या पात्राची वाढ तिथेच थांबेल असे निवेदकाने आधी सांगून ठेवले, तर त्याला कोणी मारायचे हा निर्णयच त्या मोहिमेचा सर्वांत मोठा प्रसंग ठरेल. सागेत ग्रेटिरलाही त्याच्या मामाने ग्लामरच्या वाटेला जाऊ नकोस असे आधी बजावलेलेच असते.

---

पोथीशोधक

धागाकर्त्यांनी मूळ कथा नुकत्याच वाचायला घेतल्या आहेत म्हणून वाचनाच्या क्रमाविषयी थोडे लिहितो. स्नोरीच्या पुस्तकातला ‘गिल्फागिनिंग’ हा भाग आधी वाचावा, कारण त्यात कथा सलग मिळतात. मग ‘व्होल्युस्पा’ घ्यावी. स्नोरीने ज्या कवितेतून उतारे घेतले ती समोर ठेवली की त्याने काय जोडले, काय गुळगुळीत केले ते दिसू लागते. त्या कवितेतला एक तपशील या धाग्यावरच्या सर्वांनाच आवडेल. आरंभीच्या सुखाच्या काळात देव अंगणात पटावरचा खेळ खेळत बसलेले असतात. रॅग्नारोकनंतर समुद्रातून हिरवी जमीन पुन्हा वर येते, तेव्हा उरलेल्या देवांना त्याच खेळाच्या सोन्याच्या सोंगट्या गवतात सापडतात. तरीही कविता तिथे संपत नाही. शेवटच्या कडव्यात निधोग नावाचा ड्रॅगन पंखांवर प्रेते घेऊन उडत येतो, आणि हे नव्या जगावरचे सावट आहे की जुन्या जगाचे निघून जाणे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. सारे जग नव्याने सुरू झाले असा साधा आनंदी शेवट दाखवणाऱ्या खेळांनी हे कडवे बाजूला ठेवलेले असते.

‘ग्रेटिर सागा’ मोठी आहे. ती पूर्ण वाचायला सवड नसेल तर कारच्या थडग्यासाठी अठरावे प्रकरण आणि ग्लामरसाठी बत्तीस ते पस्तीस ही प्रकरणे आधी वाचली तरी चालतील.